बेघर मनुष्य आणि गृहस्थाचे कर्तव्य

गृहस्थ या शब्दाचा अर्थच घरात राहणारा असा आहे. शास्त्रकारांनी गृहस्थाश्रमाला इतर तिन्ही आश्रमांचा आधार मानले, याचे कारण गृहस्थाजवळ घर आहे आणि त्या घराचे दार दुसऱ्यासाठी उघडता येते, हे होय. यास्तव ज्याला घरच नाही अशा मनुष्याविषयी आपले कर्तव्य काय, हा प्रश्न प्रत्येक गृहस्थाने स्वतःला विचारावयास हवा.

हा प्रश्न लहान नाही. २०११ च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या रात्री देशभरातील बेघरांची मोजणी झाली. ती संख्या १७ लाख ७० हजारांहून अधिक भरली. २००१ मध्ये ती १९ लाख ४० हजारांहून अधिक होती. म्हणजे एकंदर संख्या घटली खरी. परंतु शहरांतील बेघर मात्र सुमारे ७ लाख ७८ हजारांवरून ९ लाख ३८ हजारांवर गेले. जनगणनेच्या व्याख्येप्रमाणे जे घरात न राहता रस्त्याकडेला, पदपथावर, मोठ्या नळांत, पुलाखाली, जिन्याखाली, रेल्वेच्या फलाटावर अथवा देवालयाच्या उघड्या आवारात राहतात, ते बेघर होत. या यादीत देवालयाचे नाव आहे, याकडे भाविकांनी विशेष लक्ष द्यावे. दर्शनाला जाताना ज्याला ओलांडून जावे लागते, तोही या मोजणीतलाच एक आहे.

अशा मनुष्याला पाहून सज्जनाच्या मनात दया उत्पन्न होते. तो थंडीत कांबळे देतो, सणावाराला अन्न वाटतो. हे कृत्य चांगलेच आहे. परंतु एवढ्याने कर्तव्य पुरे होते काय? श्रीमद्भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. परतफेडीची अपेक्षा न धरता, कर्तव्य म्हणून, देश, काल आणि पात्र पाहून दिलेले दान सात्त्विक होय. सत्कारावाचून आणि अवज्ञेने दिलेले दान तामस होय. पात्र पाहणे म्हणजे घेणाऱ्याची परीक्षा करणे, असे बहुधा समजले जाते. वस्तुतः ही देणाऱ्याचीच परीक्षा आहे. ज्याला द्यावयाचे तो कोण, कोठून आला, त्याला कशाची उणीव आहे, हे ज्याने विचारलेच नाही, त्याने देश, काल आणि पात्र पाहिले असे कसे म्हणता येईल? न विचारता दिलेल्या दानात दया असली तरी अवज्ञेचा अंश राहून जाण्याचे भय असते.

विचारण्याने काय घडते, याचे एक उदाहरण मुंबईत भायखळा येथे पाहावयास मिळते. १० जुलै १९८५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पदपथावर राहणाऱ्यांविषयी निर्णय दिला. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, हे न्यायालयाने मान्य केले; तथापि पावसाळा सरल्यावर झोपड्या हटविण्यास नगरपालिकेला मोकळीकही राहिली. त्या वेळी १९८४ साली स्थापन झालेल्या 'स्पार्क' या संस्थेने पदपथवासीयांना बरोबर घेऊन सुमारे ६,००० कुटुंबांची गणना केली. लोक ज्यांना भिकारी वा उपरे समजत होते, ती माणसे कष्टकरी निघाली. पुष्कळजण देशातील अतिदरिद्री जिल्ह्यांतून आलेले होते. प्रवासाला पैसा नाही म्हणून कामाच्या ठिकाणी चालत जाता यावे, याकरिता त्यांनी पदपथ धरला होता.

पुढे त्याच पदपथावरील स्त्रियांनी 'महिला मिलन' ही संघटना उभी केली. त्या थोडी थोडी बचत करू लागल्या. शिधापत्रिका कशी मिळवावी हे शिकल्या. लुगडी ताणून खोल्यांची मापे घेत आपल्याला परवडेल असे घर कसे असावे, हे त्यांनी स्वतःच ठरविले. घरे त्वरित मिळाली नाहीत. १९९५ च्या पुनर्वसन धोरणात पदपथवासीयांना स्थान मिळाले आणि त्यानंतर मानखुर्द येथे अनेक कुटुंबे पक्क्या घरांत राहावयास गेली. या कार्याचा आरंभ मोजण्याने आणि विचारण्याने झाला, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

येथे कोणी म्हणेल की, ज्याचे त्याचे प्रारब्ध ज्याला त्याला भोगावे लागते. हे वचन स्वतःच्या दुःखात धीर येण्यासाठी आहे. दुसऱ्याच्या दुःखाकडे पाठ फिरविण्यासाठी नाही. शेजारच्या घराला आग लागली असता त्याचे प्रारब्ध म्हणून कोणी स्वस्थ बसत नाही. जे तत्त्व घर जळताना लावता येत नाही, ते घर नसताना तरी कसे लावावे? शिवाय दुसऱ्याचे प्रारब्ध कोणाला दिसत नाही. आपले कर्तव्य मात्र समोर उभे असते.

दुसरा आक्षेप असा की, हे काम सरकारचे आहे. तेही अंशतः खरे आहे. शहरात दर लाख वस्तीमागे शंभर माणसांची सोय असलेले एक निवारागृह असावे आणि ते वर्षभर, अहोरात्र उघडे असावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये दिला. परंतु आपल्या नगरात असे निवारागृह आहे काय, तेथे पाणी, दिवा आणि स्त्रियांना निर्भयपणे राहता येईल अशी सोय आहे काय, याची चौकशी नागरिकांनी केली नाही, तर आदेश कागदावरच राहतो.

म्हणून प्रत्येक वस्तीतील चार-पाच गृहस्थांनी एकत्र येऊन आपल्या परिसरात रात्री उघड्यावर निजणाऱ्यांची आपुलकीने विचारपूस करावी. कोणाला औषध हवे असेल, कोणाला ओळखीचा कागद, कोणाला कामाची मजुरी वेळेवर मिळावयास हवी असेल, तर एखाद्याला घरी परत जाण्याचे भाडे पुरेसे असेल. ज्याला जे हवे ते त्याच्याच तोंडून कळले पाहिजे. कांबळे अवश्य द्यावे; परंतु देताना त्याच्याजवळ क्षणभर बसावे आणि त्याचे नाव विचारावे. ज्याचे नाव ठाऊक झाले, त्याला दुसऱ्या दिवशी ओलांडून जाणे गृहस्थाला कठीण होते. सात्त्विक दानाचा आरंभ तेथूनच होतो.