पद गेल्यानंतरची सेवा

खोटे बोललेल्या माणसाने पुढे जन्मभर लोकांची सेवा केली, तर त्याचे खोटे धुऊन निघते काय? जालना, अंबड, परतूर भागातील नवदीक्षित कुटुंबांपुढे हा प्रश्न निवडणूक आली की हटकून उभा राहतो. बदनाम झालेला पुढारी काही महिने दिसेनासा होतो. मग एकाएकी वह्यावाटप, नेत्रशिबिर आणि विहाराला देणगी! आपली भोळी माणसे म्हणतात, "जाऊ द्या, माणूस सुधारला." सुधारला की नुसता परतला, हे कशावरून ओळखावे?

इंग्लंडातील एक प्रकरण येथे पाहण्याजोगे आहे. जॉन प्रोफ्यूमो हा तेथील युद्धमंत्री. ख्रिस्टीन कीलर नावाच्या तरुणीशी त्याचे संबंध होते, आणि त्याच मुलीची एका सोव्हिएत अधिकाऱ्याशीही ओळख होती. मार्च १९६३ मध्ये त्याने भर संसदेत सांगितले की, आपल्या वागण्यात काही गैर नव्हते. ते खोटे होते. जूनमध्ये ते कबूल करून त्याने राजीनामा दिला. पुढे पूर्व लंडनच्या गरीब वस्तीतील टॉयन्बी हॉल या सेवासंस्थेत तो भांडी घासण्यापासून कामाला लागला. सुमारे ४० वर्षे, २००६ साली मरेपर्यंत, ते काम त्याने बिनपगारी केले. पुन्हा निवडणूक लढवली नाही. त्या प्रकरणावर जाहीरपणे अवाक्षर काढले नाही. १९७५ साली सरकारने त्याला सन्मान दिला. खुर्ची मात्र त्याने मागितली नाही, आणि माझ्या मते सारी परीक्षा येथेच आहे.

अंगुलिमालाची कथा आपणा सर्वांना ठाऊक आहे. भगवंतांनी त्याला संघात घेतले. पण तो श्रावस्तीत भिक्षेला गेला की लोक दगड मारीत. डोके फुटले, भिक्षापात्र फुटले, चीवर फाटले. भगवंतांनी लोकांना दोष दिला नाही. सोसून घे, हे तुझ्याच कर्माचे फळ आहे, असे त्यालाच सांगितले. म्हणजे माणूस बदलू शकतो, पण झाले ते झालेच नाही, असे होत नाही. गोदावरीत बुडी मारून, भटाला दक्षिणा देऊन मोकळे होण्याची सोय आपण धम्मदीक्षेबरोबरच मागे टाकली. मग तीच दक्षिणा विहाराच्या पेटीत पडली म्हणून शुद्ध कशी होईल?

आणि प्रोफ्यूमोचे कौतुकही जरा हात राखूनच करावे. घरची श्रीमंती होती, म्हणून बिनपगारी सेवा परवडली. ज्याने त्या दोघांची गाठ घालून दिली, त्या स्टीफन वॉर्डवर खटला भरला गेला आणि ऑगस्ट १९६३ मध्ये त्याने झोपेच्या गोळ्या घेऊन जीव दिला. कीलरला त्याच वर्षी दुसऱ्या एका खटल्यात खोट्या साक्षीबद्दल ९ महिन्यांची शिक्षा झाली. संसदेत खोटे बोलणारा मंत्री तुरुंगात गेला नाही. न्यायालयात खोटे बोलणारी गरीब घरची पोर गेली. २०१७ साली ती वारली, तोवर लोक तिला त्याच एका प्रकरणाने ओळखत राहिले. भांडी घासायला तिला कोणी कोठे बोलावले होते?