मळखेडचा कागद

कलबुर्गीहून सेडमकडे निघाले की कागिणा नदीच्या काठी मळखेड लागते. हेच राष्ट्रकूटांचे मान्यखेट. हजार-अकराशे वर्षांपूर्वी दख्खनचा मोठा मुलूख या गावातून चालवला जाई. १९ जानेवारी २०२३ रोजी इथे पुन्हा राज्यकर्त्यांचा मोठा मांडव पडला. पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या उपस्थितीत पन्नास हजारांहून अधिक कुटुंबांसाठी हक्कुपत्रांचे, म्हणजे राहत्या जागेच्या मालकीच्या कागदांचे, वाटप झाले. त्याआधी कलबुर्गी, बीदर, यादगीर, रायचूर आणि विजयपूर या पाच जिल्ह्यांतल्या सुमारे १,४७५ वस्त्या महसुली गावे म्हणून जाहीर करण्यात आल्या होत्या. या कार्यक्रमात एकाही विटेचा खर्च नव्हता. तरी कर्नाटक-महाराष्ट्राच्या या सीमाभागात गेल्या काही दशकांत झालेला घरांचा सगळ्यात मोठा कार्यक्रम कोणता, असे विचारले तर बोट त्याच्याकडेच दाखवावे लागेल.

कारण साधे आहे. सरकारी घरकुल मिळवायचे तर आधी पायाखाली स्वतःची जागा लागते. १९८५ साली सुरू झालेली इंदिरा आवास योजना, कर्नाटकाने नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आणलेली आश्रय योजना, पुढची बसव वसती योजना, २०१६ पासूनची ग्रामीण प्रधानमंत्री आवास योजना: नावे बदलली, रकमा वाढल्या, तरी अर्जासोबतचा पहिला कागद जागेचाच राहिला. जागा नसलेल्यांना ती मिळवून देण्याच्या तरतुदीही होत्या. पण त्या जिथे जिथे अडल्या, तिथे घर बांधायला पैसा असूनही बांधायला जागा नाही, अशी गंमत झाली.

तांड्यांची, म्हणजे लमाणांच्या वस्त्यांची, अडचण याहून खोल होती. लमाण समाज पिढ्यान्‌पिढ्या बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य वाहून नेणारा. रेल्वे आली आणि धंदा बसला; इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्याने अशा फिरत्या जमातींकडे संशयाने बघायची सरकारी सवय घालून दिली. मग जिथे कुणी हरकत घेतली नाही तिथे तांडे टेकले. गायरानात, डोंगराच्या उतारावर, जंगलाच्या कडेला, एखाद्या जमीनदाराच्या पडीक रानात. चिंचोळी, आळंद, औराद, बसवकल्याण या तालुक्यांच्या नकाशावर मूळ गाव ठळक असते, तांडा मात्र कुणाच्या तरी सर्व्हे नंबरात विरघळलेला असतो. तिथल्या माणसांना मतदान होते, रेशन होते, काही ठिकाणी शाळाही होती. पण घर ज्या मातीवर उभे, ती दप्तरात दुसऱ्याची. ग्रामपंचायतीच्या ई-स्वत्तू या मालमत्ता-नोंदीतला नमुना नऊ मिळत नाही, म्हणून बँक दारात उभी करत नाही. वाटणीचा तंटा झाला तर वाटायचे काय, हाच प्रश्न.

हे बदलण्याची किल्ली सापडली ती गृहनिर्माण खात्यात नाही, जमीन सुधारणेच्या कायद्यात. देवराज अर्स यांच्या काळात, १९७४ मध्ये, कर्नाटकाने कुळांना कसत्या जमिनीचे मालक केले. पण कूळ कसत होते त्या रानाला मालक मिळाला आणि तांड्यातली झोपडी तशीच राहिली. ती उणीव भरून काढणारी दुरुस्ती यायला चार दशके लागली. खासगी जमिनीवर वसलेले तांडे, हट्ट्या आणि वाड्या यांतल्या रहिवाशांना राहत्या जागेची मालकी देणारे ३८-अ हे कलम त्यातून आले. त्यामागे ज्यांचा जोर होता ते तेव्हाचे महसूलमंत्री कागोडू तिम्मप्पा. १९५१ चा कुळांचा सत्याग्रह ज्या कागोडू गावात झाला, त्याच गावचे. कसेल त्याची जमीन या जुन्या घोषणेला जोडून ‘राहील त्याची जागा’ ही नवी घोषणा तेव्हा दिली गेली.

कायदा काँग्रेसच्या राज्यात झाला, मळखेडचे वाटप भाजपच्या राज्यात, आणि २० मे २०२५ रोजी होसपेटला पुन्हा काँग्रेसने १,११,१११ हक्कुपत्रांचा सोहळा केला. आकडा इतका गोंडस की तो तहसील कचेरीत तयार झाला असेल यावर विश्वास बसत नाही. श्रेयाची ही ओढाताण चालायचीच, आणि तिचा एक फायदाही आहे: दोन्ही पक्षांनी ज्यावर आपला शिक्का मारला, तो कागद मागे घेणे कुणालाच सोपे नाही.

याच सीमेपलीकडे महाराष्ट्रात, फार लांब नाही, घरांचा अगदी उलटा प्रयोग तीस वर्षांपूर्वी झाला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत जवळपास आठ हजार माणसे गेली. माळवदाची घरे, दगडामातीच्या जाड भिंती आणि वर मातीचा थरावर थर, झोपेतच अंगावर आली. उन्हाळ्यात ज्या छपराने पिढ्यांना गारवा दिला तेच जिवावर उठले. जागतिक बँकेच्या मदतीने ५२ गावे उचलून नव्या जागी वसवली गेली. तिथे घराचा आकार ठरला तो जमिनीच्या मालकीवरून: भूमिहीन आणि अगदी लहान शेतकऱ्याला २५० चौरस फूट, मधल्याला ४००, सात हेक्टरांवरच्याला ७५०. भूकंपाने सगळ्यांना एका रात्रीत उघड्यावर आणले होते. सरकारने मोजपट्टी लावून त्यांना पुन्हा आपापल्या पायरीवर बसवले. घाईत दुसरा निकष सुचला नसेल, हे समजण्यासारखे आहे. पण ज्याच्या घरात सात माणसे आणि रान शून्य, त्याच्या वाट्याला सगळ्यात लहान खोल्या आल्या, हे समजण्यासारखे नाही. सरळ रेषेत आखलेल्या रुंद रस्त्यांवरच्या या घरांसमोर पुढे पत्र्याचे आडोसे वाढत गेले. ते बघितले की आराखडा करणाऱ्याने गोठा, चूल आणि वाढते कुटुंब यांपैकी काय धरले होते, असा प्रश्न पडतोच.

किल्लारीत घर जमिनीच्या मागून आले; तांड्यात जमीन घराच्या मागून येते आहे. दुसरा क्रम जास्त शहाणपणाचा वाटतो. माणूस जिथे राहतो तिथे तो का राहतो, याचा हिशेब त्याने आधीच केलेला असतो.

कागदाने सगळे होते असे मात्र नाही. पेरूचे अर्थतज्ज्ञ एर्नांदो दे सोतो यांनी जगभर सांगितले की गरिबाला जागेची मालकी द्या, तो ती तारण ठेवून भांडवल उभे करील. अर्जेंटिनात ब्वेनोस आयरेसजवळच्या एका वस्तीत हे तपासता आले. १९८१ मध्ये तिथे लोकांनी जागा बळकावली. पुढे सरकारने ती ताब्यात घेऊन देऊ केली तेव्हा काही मूळ मालकांनी मोबदला घेतला, काही कोर्टात गेले. त्यामुळे शेजारशेजारच्या सारख्याच कुटुंबांपैकी काहींना कागद मिळाला, काहींना नाही. अर्थशास्त्रज्ञ गालियानी आणि शार्ग्रोद्स्की यांना आढळले की कागदवाल्यांनी भिंती आणि छपरे सुधारली, मुले जास्त शिकली. कर्ज मात्र फारसे कुणालाच मिळाले नाही. तांड्यातल्या माणसाला बँकेची स्वप्ने दाखवणाऱ्या भाषणांनी एवढे ध्यानात घ्यावे.

शिवाय घरासाठीची रक्कम. प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट प्रदेशातल्या घराला १ लाख २० हजार रुपये मिळतात. २०१६ पासून हा आकडा हललेला नाही. राज्ये त्यात आपली भर घालतात, रोजगार हमीची मजुरी जोडतात. पण सिमेंट, सळई आणि गवंड्याची मजुरी थांबलेली नाही. पाया झाला की फोटो, लिंटल झाले की फोटो, मग पुढचे बिल. बिल अडकले की घर अर्धवट. जिथे शहाबादी फरशीच्या खाणी दाराशी आहेत आणि जुनी घरे याच दगडाची, तिथे मे महिन्यात काँक्रीटच्या स्लॅबखाली माणसे भाजून निघतात. २५ चौरस मीटरांच्या नकाशात स्थानिक दगडाला जागा शोधणे एखाद्या अभियंत्याला अवघड जाऊ नये.

आणि सगळ्यात अवघड गाठ चिंचोळीच्या जंगलाकडे आहे. महसूल खात्याचा हक्कुपत्राचा हात वनजमिनीपर्यंत पोचत नाही. तिथे २००६ चा वनहक्क कायदा लागतो. या कायद्यात अनुसूचित जमातीच्या माणसाला १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवावा लागतो. इतरांना त्या तारखेच्या मागे तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षांचे वास्तव्य. लमाण समाज तेलंगणात अनुसूचित जमातीत आहे, कर्नाटकात अनुसूचित जातीत, महाराष्ट्रात विमुक्त जातींत. म्हणजे तांडूरच्या बाजूला दिलेल्या लेकीचे सासर एका तारखेच्या पुराव्यावर मोकळे होऊ शकते, आणि चिंचोळीच्या बाजूच्या तिच्या बापाला निजामाच्या काळातला कागद शोधावा लागतो. ज्या काळात तांड्याची नोंदच कुणी ठेवली नाही, नेमका त्याच काळातला.