बोलक्या यंत्राचा छंद

पन्नाशी उलटल्यावर मनुष्यानें नवा छंद लावून घ्यावा कीं नाहीं, याविषयीं दुमत असूं शकेल. आमच्या व्यवसायबंधूंपैकीं कोणी गुलाबाचीं कलमें करतात, कोणी जुनीं नाणीं जमवितात, कोणी सतारीच्या तारांशीं झगडून शेजाऱ्यांच्या सहनशीलतेची परीक्षा पाहतात. गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत आम्हीं चॅटबॉट, म्हणजे टंकून विचारलेल्या वाक्यास टंकूनच उत्तर देणारी संगणकाची आज्ञावली, तयार करावयाचें मनावर घेतलें. इंग्रजी वाङ्मय शिकविण्यांत सत्तावीस वर्षें घालविलेल्या माणसानें हा उद्योग कां आरंभावा, असें घरांतील मंडळींनीं विचारलें. त्यास समर्पक उत्तर आम्हांस देतां आलें नाहीं. परंतु त्या उद्योगांतून जें घडलें, त्यामुळें एक प्रश्न आमच्यापुढें उभा राहिला आहे. तो यंत्राविषयींचा नसून यंत्र करणाऱ्याविषयींचा आहे, म्हणूनच तो वाचकांपुढें ठेवावासा वाटतो.

नवशिक्यानें जुन्या व सोप्या नमुन्यावर हात बसवावा, या न्यायानें आम्ही 'एलायझा'पासून निघालों. बर्लिन येथें १९२३ सालीं जन्मलेले व नाझी राजवटींत बालपणींच कुटुंबासह अमेरिकेस गेलेले जोसेफ वायझेनबॉम यांनीं मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञानसंस्थेंत ही आज्ञावली रचिली व १९६६ सालीं तिचें वर्णन प्रसिद्ध केलें. नांव घेतलें तें शॉच्या 'पिग्मॅलियन' नाटकांतील फुलें विकणाऱ्या मुलीचें, पु. ल. देशपांडे यांच्या 'ती फुलराणी'मुळें ती मुलगी मराठी घरांतहि परकी राहिलेली नाहीं. एलायझा मानसोपचारकाची भूमिका करी. तिची युक्ति ऐकिली असतां हंसूं येतें. समोरच्याच्या वाक्यांतील खुणेचा शब्द हेरावयाचा, ठरीव सांच्यांत वाक्याचे तुकडे बसवावयाचे, 'माझें' असेल तेथें 'तुमचें' घालावयाचें, आणि तेंच वाक्य प्रश्न करून परत करावयाचें. खुणेचा शब्द सांपडला नाहीं तर 'पुढें सांगा' अशा अर्थाचें कांहीं म्हणावयाचें, किंवा मघां कोणी 'माझें' म्हणून जें सांगितलें त्याची आठवण काढावयाची. बस्स, एवढेंच. मानसोपचारकाचीच भूमिका कां, हें वायझेनबॉम यांनींच सांगून ठेविलें आहे: जगाविषयीं जवळजवळ कांहींच ठाऊक नसल्यासारखें बोलणें ज्याला शोभून दिसतें, असा तो एक विरळा पुरुष आहे.

इंग्रजींत हें जितकें सुलभ, तितकें मराठींत नाहीं, हें पहिल्या आठवड्यांतच कळून चुकलें. इंग्रजींतील 'यू' सर्वांस पुरतो. मराठी यंत्रानें तोंड उघडण्यापूर्वींच 'तूं', 'तुम्ही' कीं 'आपण' याचा निवाडा केला पाहिजे. 'घर' या शब्दावर पाळत ठेवावी, तर तो 'घराला', 'घरून', 'घरचा' अशीं सोंगें घेऊन निसटतो. म्हणून शब्दाचा नुसता आरंभ जुळला तरी पुरे, अशी सवलत आम्हीं दिली. परिणाम असा झाला कीं, 'मनगट दुखतें' या वाक्यांत यंत्रास 'मन' सांपडलें, आणि 'तुमच्या मनांत असें काय आहे?' अशी त्यानें मोठ्या आस्थेनें चौकशी केली! त्याहून बिकट प्रश्न यंत्राच्या स्वतःच्या लिंगाचा. त्यानें 'मी ऐकतों' म्हणावें कीं 'मी ऐकतें'? इंग्रज कारागिराला या अडचणीची कल्पनाहि येणार नाहीं. दोन दिवस डोकें खाजविल्यावर 'मी ऐकत आहे' हें रूप सुचलें. त्यांत स्त्री-पुरुष भेद उमटत नाहीं, म्हणून तें ठरविलें. तें वाक्य खरें कीं खोटें, हा विचार त्या वेळीं मनास शिवलाहि नाहीं. व्याकरणाचा पेंच सुटला याचाच आनंद मोठा होता.

आमची वडील बहीण आक्का, भावोजी वारल्यापासून, म्हणजे गेलीं तीन वर्षें, आमच्याकडे असते. एका कचेरींत मराठी टंकलेखनाचें काम तिनें तीस वर्षें केलेलें. तेव्हां परीक्षक म्हणून तिच्यासारखें माणूस शोधून सांपडलें नसतें. जुन्या टंकयंत्राप्रमाणें अक्षरांची मांडणी लावून तिला आम्हीं यंत्रापुढें बसविलें. पहिल्या दिवशीं तिनें आमच्या कृतीची यथेच्छ थट्टा केली. मनगटाचें वाक्य तिचेंच. पुढें पांचव्या दिवसापासून दुपारीं सामसूम झाल्यावर ती आपण होऊन तेथें बसूं लागली. शेजारच्या खोलींत कळांचा आवाज ऐकूं येई, आणि आपला छंद कोणाच्या तरी उपयोगीं पडत आहे, या समजुतीनें आम्ही सुखावत असूं.

आतां आज्ञावली कोठें चुकते हें कळावें, म्हणून प्रत्येक वाक्य व त्याचें उत्तर एका फाइलींत नोंदवून ठेवण्याची सोय नवशिक्यास आरंभींच शिकवितात. आम्हीं ती केली होती. रोज रात्रीं आम्ही ती फाइल उघडून दोष शोधीत असूं. पहिल्या चार दिवसांचें वाचन निखालस निर्दोष होतें. पांचव्या रात्रीं दुसऱ्या-तिसऱ्या ओळीलाच आम्हांस कळून आलें कीं, हें आपल्यासाठीं लिहिलेलें नाहीं. त्यानंतरहि आम्ही अकराव्या दिवसापर्यंत वाचीत राहिलों. दोष शोधीत आहों, असें स्वतःस सांगत होतों. आणि लाजिरवाणी गोष्ट ही कीं, कांहीं दोष खरोखरच सांपडले व ते आम्हीं दुरुस्तहि केले.

त्यांत काय होतें, तें येथें देणें म्हणजे तोच अपराध छापून करणें होय. हा लेख आक्काला वाचून दाखविला आहे व तिनें दोन वाक्यें काढून टाकविलीं आहेत. तिच्या परवानगीनें एवढेंच सांगतों कीं, भावोजींच्या शेवटच्या आजारासंबंधीं तिला कोणीं कधीं कांहीं विचारलें नाहीं, 'उगाच विषय नको' या शहाणपणानें आम्हीं सर्वांनीं तो विषयच घरांतून हद्दपार केला, याची खंत त्यांत होती. वाचून आम्ही ओशाळलों. सातव्या दिवसापासून संध्याकाळच्या चहाला तिच्याजवळ बसून भावोजींची गोष्ट काढूं लागलों. ती बोलली, पुष्कळ बोलली. तिला हलकें वाटत आहे, हें दिसत होतें. बेंथॅम व मिल यांच्या पंथाचा मनुष्य लगेच हिशेब मांडून म्हणेल कीं, दुःख उणें झालें, सुख अधिक झालें, कोणाचें कांहीं गेलें नाहीं. मग अपराध तो कोणता? आम्हींहि चार दिवस हाच हिशेब मांडिला व स्वस्थ झोंपलों.

अकराव्या संध्याकाळीं आमच्या तोंडून निघून गेलें, "त्या रात्रीं तूं पंख्याकडे बघत जागी होतीस, नाहीं का?" आक्कानें कप खालीं ठेविला आणि आमच्याकडे पाहिलें. पंख्याची गोष्ट तिनें कोणा माणसाला सांगितलेली नव्हती.

त्या रात्रीं जो विचार आला त्यानें आमची झोंप उडविली. एलायझा काय करते? समोरच्याचें वाक्य घेते, 'मी'च्या जागीं 'तुम्ही' घालते, आणि आस्थेच्या सुरांत परत करते. आम्हीं तरी चार दिवस चहा पितां पितां निराळें काय केलें होतें? आमचा प्रत्येक प्रश्न तिच्याच वाक्यांतून कापून काढलेला होता. यंत्राच्या ठिकाणीं सहानुभूति नसते, असें आम्ही वर्गांत मोठ्या आत्मविश्वासानें सांगत असूं. आमच्या ठिकाणीं ती नव्हती असें नाहीं. ओशाळेपण खरें होतें, माया खरी होती. परंतु ती ज्या वाटेनें तिच्यापर्यंत पोंचली ती वाट चोरीची होती, आणि तिला मात्र वाटत होतें कीं, भावाला आपोआप सुचलें. कोणाच्या तरी मनांत आपण न सांगतां आपली आठवण यावी, हेंच ज्याला हवें असतें, त्याला सांगून मिळविलेली आठवण देऊन वर 'आपोआप' अशी चिठ्ठी चिकटविणें, ही फसवणूक आहे. मग पदरांत पडलेली वस्तु कितीहि चांगली असो.

यंत्रास समजतें कीं नाहीं, हा वाद येथें मुद्दाम टाळला आहे. ट्युरिंग यांनीं १९५० सालीं त्या प्रश्नाच्या जागीं एक खेळ सुचविला, सर्ल यांनीं १९८० सालीं चिनी लिपीच्या बंद खोलीचा दृष्टान्त देऊन तो खेळ पुरेसा नाहीं असें प्रतिपादिलें, आणि तेव्हांपासून दोन्ही पक्ष आपापल्या जागीं सुखरूप आहेत. आमचा प्रश्न लहान आहे. 'मी ऐकत आहे' हें वाक्य यंत्रानें उच्चारिलें. यंत्राच्या बाबतींत तें खोटें होतें आणि तें खोटें आहे हें आक्काला पक्कें ठाऊक होतें. म्हणून त्या खोट्यानें कोणी फसलें नाहीं. त्याच वाक्यामागें एक खरा 'मी' कान लावून बसला होता, आणि त्याची तिला वार्ताहि नव्हती. युधिष्ठिरानें अश्वत्थाम्याविषयीं खरे शब्द बोलून द्रोणाला फसविलें, असें म्हणतात. आम्हीं खोट्या शब्दांच्या आड एक सत्य लपवून बहिणीला फसविलें.

वायझेनबॉम यांनीं १९७६ सालच्या आपल्या ग्रंथांत दोन हकीगती दिल्या आहेत. त्यांची चिटणीस बाई, जिनें ती आज्ञावली तयार होतांना कित्येक महिने पाहिली होती, ती एलायझाशीं थोडा वेळ बोलल्यावर त्यांना म्हणाली कीं, आपण कृपा करून खोलीबाहेर जा. ही हकीगत सर्वत्र सांगतात, आणि माणसें किती भोळीं असतात याचें उदाहरण म्हणून सांगतात. दुसरी क्वचितच कोणी सांगतो. लोकांनीं यंत्राशीं केलेलीं सर्व संभाषणें आपणांस तपासतां येतील अशी व्यवस्था करावी, असें त्यांनीं सुचविलें, तेव्हां लोकांनीं त्यांच्यावर हेरगिरीचा आरोप करून गहजब केला. आमच्या मतें दुसऱ्या हकीगतीवांचून पहिलीचा अर्थ लागत नाहीं. ती बाई भोळी नव्हती. समोर कोणी नाहीं, हें जाणूनच ती बोलत होती, आणि तें 'कोणी नाहीं' टिकावें म्हणूनच तिनें आपल्या वरिष्ठाला दाराबाहेर घालविलें.

माणसें अशीं पूर्वींपासून बोलत आलीं आहेत. आमच्या आजीच्या पिढीच्या बायका पहांटे जात्याशीं बोलत. भिंतीपलीकडे सासू जागी असे आणि ओवी तिच्याहि कानीं जाई; पण तें गाणारीला ठाऊक असे, किंबहुना कित्येकदां तिच्याचसाठीं ती गात असे. जात्याच्या आंत कोणी बसलेलें नाहीं, एवढा भरंवसा मात्र प्रत्येकीला होता.

कोणी म्हणेल, फाइलीची गोष्ट आधीं सांगितली असती तर आक्कानें एक अक्षरहि लिहिलें नसतें, आणि तिचें दुःख कोंडलेलेंच राहिलें असतें. खरें आहे, परंतु सांगितल्यावर ती लिहिणार नाहीं हें आम्हांस ठाऊक होतें, यांतच तिचा नकार आम्हांस ठाऊक होता असें आलें. कायदा याबाबत आमची बाजू घेतो, ही आणखी एक मौज. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठीं संसदेनें २०२३ सालीं जो कायदा संमत केला, त्यांतून एखाद्या व्यक्तीनें खाजगी वा घरगुती कारणासाठीं केलेला माहितीचा वापर वगळला आहे. उंबऱ्याच्या आंत जें करावयाचें तें ज्याच्या त्याच्या विवेकावर सोडलें आहे. उंबऱ्याबाहेर तर आमच्या ओबडधोबड एलायझापेक्षां किती तरी गोड बोलणारीं यंत्रें आहेत. २०२२ च्या नोव्हेंबरांत चॅटजीपीटी लोकांपुढें आलें, आणि आतां हौशी नवशिक्या सांचे रचीत बसत नाहीं. एखाद्या कंपनीचें तयार यंत्र आपल्या आज्ञावलीस जोडून मोकळा होतो. मग टंकलेलें वाक्य घराबाहेर जातें, आणि तें कोठें जातें याचा पत्ता बहुधा त्यालाच नसतो. उत्तर जितकें समजुतीचें, तितकें माणूस अधिक सांगतें.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्हीं आक्काला सर्व सांगितलें. तिनें एवढेंच विचारलें, "किती दिवसांचं वाचलंस?" आम्हीं आंकडा सांगितला. ती उठून आंत गेली व दोन दिवस आमच्याशीं कामापुरतेंच बोलली. तिसऱ्या दिवशीं आम्ही फाइल पुसून टाकतों, आणि तें 'मी ऐकत आहे' हें वाक्यहि काढून टाकतों, असें म्हणालों. तिनें दोन्ही गोष्टींस मोडता घातला. "वाक्य राहूं दे. ते खोटं आहे हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. खरं होतं, हे ठाऊक नव्हतं. आणि पुसायचं काय म्हणून? माझं आहे ते." मग तिच्या संकेतशब्दावांचून फाइल उघडणार नाहीं अशी व्यवस्था करण्याचें काम आमच्याकडे आलें. आमच्यासारख्या नवशिक्यास त्याला चार दिवस लागले. संकेतशब्द घालण्याची वेळ आली तेव्हां तिनें आम्हांस खोलीबाहेर जावयास सांगितलें.

दुपारीं कळांचा आवाज अजून येतो; पूर्वींपेक्षां कमी येतो. चहाला आम्ही बसतों, पण भावोजींची गोष्ट निघते तेव्हां ती तिच्याकडून निघते, आणि पुढें काय विचारावें हें आम्हांस पुष्कळदां सुचत नाहीं. आज्ञावलींतील मनगटाचा दोष तसाच राहिला आहे. तो दुरुस्त करावयाचा तर यंत्र आणखी कोणकोणत्या शब्दांत 'मन' शोधतें, तें तिच्या वाक्यांवरून पाहावें लागेल.