काय ऐकावं आणि काय ऐकू नये



आजच्या वाचनात श्रीमद्भागवताचा पहिला स्कंध संपला. शेवटचा, म्हणजे एकोणिसावा अध्याय वाचताना मला एकदम २०२१ चा एप्रिल आठवला. आज त्याच्याबद्दलच लिहिते.

कोरोनाची दुसरी लाट होती. मी पुण्यात फ्लॅटवर एकटी, दोघी रूममेट गावी गेलेल्या. एका संध्याकाळी घसा खवखवायला लागला. तेवढंच. मी मोबाईल घेतला आणि लक्षणं शोधायला बसले. रात्रीच्या दोन वाजेपर्यंत सीटी स्कोअर, डी-डायमर, सीआरपी सगळं वाचून झालं होतं. दर दहा मिनिटांनी बोटाला ऑक्सिमीटर. ९३ दिसलं की पुन्हा शोध. बोटं गार असली किंवा नेलपॉलिश असलं तरी आकडा चुकू शकतो, हेही मी त्याच रात्री वाचलं होतं. पण भीतीच्या सोयीचं तेवढंच डोक्यात राहत होतं. छातीत धडधड, श्वास पुरत नाहीये असं वाटणं, हाताला मुंग्या. घाबरून भराभर श्वास घेतला तरी हे सगळं होतं म्हणे. मला मात्र त्यात मरणच दिसत होतं.

सकाळी आईने आवाजावरूनच ओळखलं. "डॉक्टरकाकांना फोन केलास का?" नव्हता केला. मग केला. काकांचा पहिलाच प्रश्न, "ताप किती आहे?"

मी गप्प. रात्रभर जगभरातलं वाचलं होतं आणि थर्मामीटर ड्रॉवरमध्येच पडून होता.

आता परीक्षित राजाकडे येऊ. सातव्या दिवशी तक्षक डसेल, असा त्याला शाप. महाभारताच्या आदिपर्वात ही गोष्ट आहे. तिथे राजा काय करतो? एका खांबावर उभा असलेला महाल बांधून घेतो. वैद्य, औषधं, मंत्र जाणणारे लोक, चहूबाजूंनी पहारा. आत यायला वाट नाही. सातव्या दिवशी तपस्व्यांच्या वेशातले नाग फळं घेऊन येतात. राजा स्वतःच्या हाताने एक फळ उचलतो, त्यात बारीकसा किडा असतो. सूर्य मावळायला आलेला, आता कसलं भय, म्हणून तो किडा मानेवर ठेवतो. तोच तक्षक!

या गोष्टीतला अजून एक माणूस मला फार अस्वस्थ करतो. काश्यप नावाचा ब्राह्मण. त्याला विष उतरवता येत होतं आणि तो राजाकडेच निघाला होता. तक्षकाने त्याला वाटेतच धन देऊन परत फिरवलं. महालात एवढा बंदोबस्त, पण ज्याच्याकडे खरा इलाज होता तो पोचलाच नाही. माझंही त्या रात्री हेच झालं होतं. उघडलेल्या पानांचा मोठा महाल, भीती मात्र मीच हातात धरलेल्या मोबाईलमधून आत आली, आणि डॉक्टरकाका एका फोनवर असूनही बाहेरच राहिले.

भागवतातला परीक्षित वेगळा वागतो. शाप तोच आणि दिवसही सातच. तो राज्य मुलाकडे सोपवून गंगेच्या काठी बसतो. शुकमुनी येतात तेव्हा मरण टाळायचा उपाय विचारत नाही. मरण समोर असलेल्या माणसाने काय ऐकावं, काय जपावं, काय करावं, कशाचं स्मरण ठेवावं, असं विचारतो. आणि त्याला जोडून, काय करू नये, हेही विचारतो! मी आज या शेवटच्या भागापाशी बराच वेळ थांबले. काही गोष्टी न ऐकणं हीसुद्धा साधना आहे, हे त्या राजाला कळलं होतं. त्याने योग्य माणसाला विचारलं आणि मग सात दिवस फक्त ऐकलं.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. भागवत ऐकलं म्हणून तक्षक आला नाही, असं कुठेही लिहिलेलं नाही. तो तिथेही आलाच. फरक इतकाच, की एका गोष्टीत राजाचे सातही दिवस पहारा करण्यात गेले आणि दुसरीत हरिकथेत.

माझी टेस्ट पॉझिटिव्ह आली. काकांनी सांगितलं, "दिवसातून तीनदा ताप आणि ऑक्सिजन बघ. आधी पाच मिनिटं शांत बस, हात गरम कर. आकडा वहीत लिही. ९४ च्या खाली गेला तर लगेच मला फोन. बाकी काही वाचायचं नाही." संध्याकाळी आई फोनवर हरिपाठ म्हणायची, मी पडल्या पडल्या ऐकायचे. मी घरीच बरी झाले. आमच्या खालच्या मजल्यावरचे एक काका हॉस्पिटलमधून परत आले नाहीत. ते रोज पूजा करायचे. म्हणून 'मी नाम घेतलं आणि वाचले' असं मी कधीच म्हणणार नाही. नामाने मला ते दहा-बारा दिवस जगता आले, एवढंच म्हणेन.

आजही डोकं दुखलं की बोट मोबाईलकडे जातं. तुमचंही जात असेल. तेव्हा आजचा संकल्प छोटासा आहे. त्रास होत असेल तर डॉक्टरांना विचारायचं, सांगतील ते करायचं, आणि मग शोधत बसायचं नाही. त्या वेळात एक माळ, नाहीतर आईला एक फोन. आणि भीती महिनोन् महिने जात नसेल, झोप उडाली असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. त्याने भक्ती उणी होत नाही. वाटेवरच्या काश्यपाला आपण परत पाठवायचं नाही.

उद्या दुसरा स्कंध सुरू करू.

राम कृष्ण हरी.