सोडून दिलेला मासा

खाण्यासाठी मासा मारणे आणि हौसेसाठी मासा गळाला लावून पुन्हा पाण्यात सोडणे, यांपैकी अधिक हिंसा कशात? दुसऱ्यात मासा जगतो, म्हणून हिंसा कमी, असे उत्तर चटकन सुचते. परंतु अहिंसेचा विचार करणाऱ्या भारतीय परंपरांनी हिंसा केवळ मेलेल्या जिवांवरून मोजलेली नाही, आणि तिथेच हे उत्तर डळमळते.

दक्षिण व मध्य मुंबईत हा प्रश्न रोज संध्याकाळी डोळ्यांसमोर असतो. मरीन ड्राइव्हच्या चौपायी काँक्रीट ठोकळ्यांवर, वरळीच्या कठड्यावर गळ टाकून माणसे बसलेली असतात. त्यांच्या पिशवीतला शिंगाळा किंवा बोयट बहुधा रात्रीच्या कालवणात जातो. गोड्या पाण्यात गळ टाकायचा तर गिरगाव-परळच्या माणसाला उपनगर गाठावे लागते. धोबी तलाव, गोवालिया टँक, सी. पी. टँक, दोन टाकी ही नावे उरली, पाणी बुजले. बाणगंगा आहे, पण ते तीर्थ. मग उरतो १८९१मध्ये बांधून झालेला पवई तलाव आणि त्यातले रोहू, कटला, मृगळ. हौशी गळकऱ्यांत आता मासा धरून, वजन करून, फोटो काढून परत सोडण्याची रीत रुजली आहे.  

मौजेसाठी मासे धरणे ही साहेबाची देणगी समजली जाते. ते खरे नाही. इंग्लंडमध्ये आयझॅक वॉल्टनचा गळावरचा ग्रंथ १६५३मध्ये निघाला. त्याच्या पाचशे वर्षे आधी, बाराव्या शतकात, कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ‘मानसोल्लास’ रचला. त्यात ‘मत्स्यविनोद’ हे प्रकरण आहे. माशांच्या जाती, त्यांना घालायचे खाद्य, दोर आणि काठी यांचा तिथे बारकाईने विचार आहे. राजाने या उद्योगाला ‘विनोद’ म्हटले, ध्यानधारणेचा किंवा निसर्गप्रेमाचा मुलामा दिला नाही, हे त्याच्या प्रामाणिकपणाचेच लक्षण.

याच्या आधीचा, पण नेमका याच प्रश्नाला भिडणारा दाखला जैन वाङ्मयात सापडतो. सोमदेवसूरीचा ‘यशस्तिलक’ हा चंपूग्रंथ इ. स. ९५९चा. त्यात मृगसेन नावाच्या धीवराची कथा आहे. जाळ्यात येणारा पहिला मासा सोडून द्यायचा, एवढेच व्रत तो एका मुनीकडून घेतो. पहिला मासा मोठा लागतो. खूण म्हणून त्याला कापडाची चिंधी बांधून तो सोडतो. पुढे दिवसभर तोच मासा पुन्हा पुन्हा जाळ्यात येतो आणि तो पुन्हा पुन्हा सोडतो. संध्याकाळी रिकाम्या हाताने घरी आलेल्या मृगसेनाला बायको दाराबाहेर ठेवते, आणि त्या रात्री साप चावून तो मरतो. माशाला जितक्या वेळा जीवदान मिळाले, तितक्या वेळा पुढच्या जन्मी मृगसेनाचा जीव वाचतो. त्याच परंपरेत धीवर आणि शेतकरी यांची तुलनाही येते: नांगराखाली असंख्य जीव मरतात, तरी शेतकऱ्याचा हेतू धान्याचा असतो, धीवराच्या जाळ्यात दिवसभर काही न आले, तरी मनाने तो मारतच असतो. द्रव्यहिंसा, म्हणजे प्रत्यक्ष घडलेली, आणि भावहिंसा, म्हणजे मनातली, हा भेद इथे आहे.

पवईचा हौशी गळकरी या तुलनेत कुठे बसतो? मृगसेनाच्या शेजारी त्याला बसवता येत नाही. मृगसेनाने सोडलेल्या माशाची किंमत त्याचे जेवण होते. हौशी माणूस सोडायचे ठरवूनच येतो, त्यामुळे सोडताना त्याचे काहीच जात नाही. स्वित्झर्लंडच्या प्राणिसंरक्षण नियमांनी २००८मध्ये जवळपास हाच भेद कायद्यात आणला: परत सोडण्याच्याच इराद्याने मासे धरण्यास तिथे मनाई आहे. मुंबईकराला हा नियम उफराटा वाटेल, मृगसेनाच्या मुनीला कदाचित वाटला नसता.

बौद्ध विचारात या प्रश्नाला दोन बाजूंनी हात घातला आहे. परळच्या बीआयटी चाळीत आणि पुढे दादरच्या राजगृहात राहिलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ १९५७मध्ये, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा यांत भेद केला. बुद्धाने निषेध केला तो नुसत्या इच्छेपोटी होणाऱ्या हत्येचा, आणि अहिंसा हे तत्त्व आहे, आंधळेपणाने पाळायचा नियम नव्हे, अशी त्यांची मांडणी. या कसोटीवर वरळी कोळीवाड्यातल्या होडीवाल्याचा धंदा गरजेत मोडतो. हौशी गळकऱ्याला मात्र मारण्याची गरजही नाही आणि इच्छाही नाही. त्याला इच्छा आहे ती झुंजीची. त्याच्यासाठी ‘उदान’ या बौद्ध ग्रंथातला छोटा प्रसंग अधिक जवळचा. श्रावस्ती आणि जेतवन यांच्या दरम्यान मासे धरणाऱ्या पोरांना बुद्ध विचारतो, तुम्हाला दुःखाची भीती वाटते का? इथे कळीचा शब्द मरण नाही, दुःख आहे.

माशाला दुःख होते का, यावर शास्त्रज्ञांत एकमत नाही. २००३मध्ये लिन स्नेडन आणि सहकाऱ्यांनी ट्राउट माशाच्या तोंडाभोवती इजा ओळखणारे चेतातंतू दाखवून दिले. जेम्स रोझ यांच्यासारख्यांचा आक्षेप असा की, माशाला मानवासारखा मेंदूचा बाह्य थर नाही, म्हणून चेतातंतूंची हालचाल म्हणजे वेदनेची जाणीव नव्हे. वाद मिटेपर्यंत संशयाचा फायदा माशाला द्यायचा असेल, तर प्रश्न काठी आणि दोराकडे येतो.

कारण सामानाची निवड मासा लागण्याआधीच झालेली असते, आणि गळकऱ्याचा हेतू तिच्यात वाचता येतो. योगसूत्रकार पतंजलीने हिंसेचे मृदू, मध्य आणि अधिमात्र असे स्तर सांगितले आहेत. ते इथे हाताला लागतात. बारीक तंगूस आणि लवचिक काठी घेतली की झुंज लांबते, मजा वाढते. मोठा रोहू तेवढ्या वेळात इतका दमतो की त्याच्या स्नायूंत लॅक्टिक आम्ल साचते, आणि सोडल्यावर पोहत गेलेला मासा काही तासांनी मरू शकतो. मे महिन्यात कोमट पाण्यात विरघळलेला प्राणवायू कमी, म्हणून धोका जास्त. माशाच्या मानाने दणकट दोर आणि ताठ काठी घेणाऱ्याला झुंज थोडी मिळते आणि मासा लवकर सुटतो. गरीचेही तसेच. टोकाचा उलटा काटा चिमट्याने दाबून टाकला तर गरी सहज निघते, पण काही मासे हातचे निसटतात. वर्तुळाकार गरी बहुतेक वेळा जबड्याच्या कोपऱ्यात बसते, घशात उतरत नाही. मात्र हिसका देण्याची सवय मोडावी लागते, दोर नुसता ताणत न्यायचा. गरी गिळलीच असेल तर ओढून काढण्यापेक्षा तोंडाजवळ दोर कापणे बरे. हात ओले करूनच मासा धरायचा, म्हणजे अंगावरचा बुळबुळीत थर निघत नाही. फोटोसाठी मासा उचलून धरलेला प्रत्येक क्षण त्याच्या श्वासातून वजा होतो.

आमिषाचा हिशेब मात्र वेगळा ठेवावा लागतो. रोहूसाठी कणकेचा गोळा पुरतो. मरळ हा शिकारी मासा. त्याच्यासाठी गरीला जिवंत बेडूक किंवा लहान मासा टोचण्याची चाल आहे. मरळ सोडून दिला तरी तो बेडूक सुटत नाही, आणि त्याचा फोटोही कोणी काढत नाही. त्याच्या जागी रबरी बेडूक लावला तरी मरळ झडप घालतो.