एक लाल रेघ

इंग्रजीतले जुळ्या भावांसारखे दिसणारे शब्द वेगळे करून दाखवण्यात माझी बरीच वर्षे गेली. माझे स्वतःचे इंग्रजी मॅट्रिकपुरतेच. म्हणूनच की काय, दुसऱ्याची चूक मला चटकन दिसते. यंदा माघ पौर्णिमेनंतर मी मुलांना कचारगडच्या जत्रेवर दहा ओळी लिहायला सांगितल्या. एका गोंड मुलाने जत्रेच्या ‘फेअर’ऐवजी भाड्याचे ‘फेअर’ लिहिले. स्पेलिंग सुधारले, थोडी गंमतही वाटली. दरेकसा स्टेशनापर्यंत भाडे भरूनच तो जत्रेला गेला असणार!

पुढे त्याने लिहिले होते, की या गुहेत कोंडलेल्या ३३ मुलांना पारी कुपार लिंगोने सोडवले, हीरासुका पाटालीर त्यात कामी आला, आणि ही आमची ‘हिस्टरी’ आहे. मी ‘हिस्टरी’ खोडून ‘स्टोरी’ लिहिले व एक गुण कापला.

त्याचे वडील बाजारात भेटले. ‘जय सेवा’ झाल्यावर म्हणाले, “गुरुजी, पोराचा शब्द तुम्ही कापला म्हणते. आम्ही गोष्ट आयकाले गडावर चढतो का?”

मी कादंबऱ्या लिहितो. न घडलेले घडल्यासारखे सांगणे हा माझा उद्योग. तेव्हा गोष्ट आणि इतिहास यांतले अंतर मला नाही कळायचे तर कोणाला, असा माझा तोरा. घरी येऊन कोश उघडला. दोन्ही शब्द एकाच ग्रीक मुळाचे निघाले, आणि त्या मुळाचा अर्थ विचारपूस! आपला ‘इतिहास’ तरी काय? ‘असे खरोखर झाले’, एवढेच तो शब्द म्हणतो.

पण व्युत्पत्तीच्या आडोशाला लपून भागत नाही. शब्दाचा आजचा अर्थ आज पाळावा लागतो. पाद्री हिस्लॉप यांनी जमवलेले लिंगोचे गीत १८६६ साली नागपुरात इंग्रजी भाषांतरासह छापले गेले. छापले म्हणून ते घडले असे ठरत नाही. हे मुलाला न सांगता ‘बरं बाबा, तुझी हिस्टरी’ म्हणून सोडून देणे हाही त्याचा अपमानच. ज्याला बरोबरीचा मानतो त्याच्याशीच माणूस वाद घालतो. मी मात्र वाद घातलाच नव्हता. भाड्याचे स्पेलिंग सुधारावे तशी, त्याच शाईने, एका घरची साक्ष सुधारली होती.

शेवटी मुलाला जवळ बोलावून म्हटले, “‘आमची माणसे असे सांगतात’, असे लिही. कोणाचीच हरकत नाही.”

तो जरा थांबला. “मंग मागच्या सालच्या रामटेकवाल्यायलेबी तसंच लिहाले सांगाचं होतं, गुरुजी.”

गेल्या वर्षी रामटेकच्या सहलीवर निबंध होता. प्रभू रामचंद्र तेथे विसावले, ही त्या टेकडीची ‘हिस्टरी’, असे पाचसहा जणांनी तरी लिहिले होते. तेव्हा माझी लेखणी अडखळलीसुद्धा नव्हती.

त्या वह्या एव्हाना रद्दीत गेल्या असतील. या वहीतल्या ‘स्टोरी’वर मी पुन्हा रेघ मारली आहे. वर काय लिहावे ते ठरलेले नाही; वही अजून माझ्या टेबलावरच आहे.