बेल्टच्या मागे

चाकू घडवणाऱ्याचे सगळे लक्ष पात्यावर असते. बेल्ट ग्राइंडरसमोर उभे राहिले की २ बाय ७२ इंचाचा बेल्ट सेकंदाला वीस-पंचवीस मीटरपर्यंतच्या वेगाने पळत असतो, ठिणग्यांचा झोत खाली पडत असतो आणि पाते किती तापले ते बोटांना कळत असते. अशा वेळी बेल्टच्या मागे काय आहे, हा विचार मनाला शिवतही नाही. मागे असते एक लोखंडी सपाट पट्टी, प्लॅटन. बेल्ट म्हणजे कापड आणि त्यावर चिकटवलेले कठीण दाणे. त्याला स्वतःचा आकार नाही. मागे जो आकार असेल तोच तो पात्यावर उतरवतो.

आणि ही पट्टी झिजते. बेल्टचे सुटलेले दाणे आणि पोलादाची भुकटी मागच्या बाजूने शिरते, आणि साध्या माइल्ड स्टीलची पट्टी आतून खरवडली जाते. आपण नेहमी ठरावीक जागी दाब देतो, म्हणून झीजही तिथेच होते. काही महिन्यांत तिथे उथळ खळगा तयार होतो. डोळ्यांना तो दिसत नाही, बोटालाही पटकन लागत नाही. मधे खड्डा पडलेल्या पोळपाटावर पोळी कितीही निगुतीने लाटली तरी ती मधे जाडच राहते, तसेच इथेही होते. बेल्टच्या दोन्ही कडा पात्यात रुततात आणि मधला भाग कमी लागतो.

याचा हिशोब पुढे चुकवावा लागतो. ग्राइंडरवरून उतरलेले पाते लाकडी ठोकळ्याला वॉटर पेपर गुंडाळून हाताने घासायला घेतले की उंचवटे लगेच चकाकतात आणि सखल भागात बेल्टचे जाड ओरखडे तसेच राहतात. ते काढायचे तर आजूबाजूचे सगळे पोलाद त्या पातळीपर्यंत खाली आणावे लागते. तासन् तास जातात, खांदे भरून येतात. शिकाऊ मुलगा अशा वेळी स्वतःच्या हाताला दोष देतो. मला त्याचे फार वाईट वाटते, कारण पुष्कळदा त्याचा हात सरळ असतो.

तपासणी अगदी सोपी आहे. मशीन बंद करावे, बेल्ट काढावा, पट्टी पुसावी आणि गुण्याची कड तिच्यावर आडवी, उभी, तिरपी धरून मागून उजेड पाहावा. केसापेक्षा बारीक फटीतूनही उजेड येतो. आयटीआयमध्ये फिटरच्या मुलांना सुरुवातीचे दिवस लोखंडाचा ठोकळा कानशीने सपाट करायला लावतात आणि हीच उजेडाची परीक्षा घेतात. ते शिक्षण कंटाळवाणे वाटते खरे, पण डोळा तिथेच तयार होतो.

सपाटपणा मिळवणे किती अवघड आहे, हे ज्यांनी मनावर घेतले त्यांत जोसेफ व्हिटवर्थ हे मोठे नाव. लंडनला हेन्री मॉडस्ली यांच्या कारखान्यात काम केलेल्या या माणसाने १८४० मध्ये ग्लासगोला ब्रिटिश असोसिएशनपुढे धातूच्या सपाट पृष्ठभागांवर निबंध वाचला. त्यांची पद्धत तीन प्लेटांची. दोन प्लेटा एकमेकींशी जुळल्या तरी त्या सपाट असतीलच असे नाही. एक फुगीर आणि दुसरी तितकीच खोलगट असू शकते. तिसरी प्लेट आणून प्रत्येकीशी जुळवली की ही लबाडी उघडी पडते. रंग लावून उंचवटे शोधायचे आणि तेवढेच खरवडून काढायचे. दोन प्लेटांमध्ये कुरुंदाची भुकटी घालून त्या एकमेकींवर घासायला त्यांचा विरोध होता, कारण भुकटी सगळीकडे सारखी पसरत नाही आणि ती कुठे किती खाते यावर आपला ताबा राहत नाही. आपल्या बेल्टमागे रोज नेमके हेच चाललेले असते.

म्हणून चाकू करणारे प्लॅटनवर सिरॅमिक काचेची पट्टी चिकटवतात. चांगल्या इंडक्शन शेगडीवर असते त्याच कुळातली ही काच. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत कॉर्निंग कंपनीतले संशोधक डोनाल्ड स्टुकी यांची भट्टी चुकून ६०० ऐवजी ९०० अंश सेल्सिअसवर गेली. आतली काच वितळून गेली असणार असे त्यांना वाटले. ती अखंड निघाली, आणि चिमट्यातून निसटून जमिनीवर पडली तरी फुटली नाही. सिरॅमिक काचेच्या कुळाची सुरुवात तिथून झाली. प्लॅटनवर लावतात ती काच तापल्यावर जवळजवळ प्रसरण पावत नाही, साध्या लोखंडापेक्षा फारच हळू झिजते, आणि गुळगुळीत असल्याने बेल्ट तिच्यावरून कमी घर्षणाने सरकतो.

धक्का मात्र ती गिळत नाही. बेल्टचा जोड जाड असेल तर प्रत्येक फेरीला हाताला टकटक जाणवते, आणि कठीण काचेवर ती जास्तच जाणवते. शेवटच्या बारीक बेल्टसाठी म्हणूनच मला प्लॅटनवर ग्राफाइट चढवलेले कॅनव्हास आवडते. ते किंचित दबते, जोडाचा धक्का गिळते आणि घर्षणही कमी करते. कमी घर्षण म्हणजे कमी उष्णता, आणि पाणी दिलेल्या पात्याला हे फार महत्त्वाचे. साधे कार्बन पोलाद कडक केल्यावर साधारण २०० अंशांच्या आसपास पुन्हा तापवून त्याचा ठिसूळपणा घालवलेला असतो. पातळ धार ३०० अंशांकडे जाऊन निळी पडली की पाणी उतरले, आणि मग ती कितीही घासली तरी टिकणार नाही. कॅनव्हास झिजते, ते बदलावे लागते, बदलावे. पण जाड बेल्टने पात्याचा धारेकडचा उतार काढताना ते वापरू नये, तिथे काचच हवी. मऊ आधारावर सपाट उतार निघत नाही, कडा गोल होतात.

काच बसवण्याआधी खालची लोखंडी पट्टी सपाट करून घ्यावी. जाड फ्लोट काचेवर वॉटर पेपर पसरावा, पट्टीवर मार्करने रेघा ओढाव्यात आणि सगळ्या रेघा सारख्या पुसल्या जाईपर्यंत घासावे. काचेच्या उभ्या कडा थोड्या मोडाव्यात, म्हणजे बेल्ट कापला जात नाही. बेल्ट सतत खाली ओढतो आणि उष्णतेने काच चिकटवणारे इपॉक्सी मऊ पडते, तेव्हा काचेच्या खालच्या कडेला पोलादाचा छोटा टेकू स्क्रूने पक्का करावा. नुसत्या चिकटवणीच्या भरवशावर काच सोडू नये.